एका मीटरचा एक सेंटिमीटर

विज्ञान प्रदर्शनात अग्निबाणाची प्रतिकृती नाही, असे सहसा होत नाही. बाटलीला चंदेरी कागद, वर पुठ्ठ्याचे टोक, बाजूला पंख आणि एक झेंडा. मुलांनी मेहनत घेतलेली असते. पण ‘हा कोणता अग्निबाण?’ असे विचारले की गाडी अडते. एकच अग्निबाण निवडून, त्याची मापे घेऊन नमुना केला, तर त्यातून अग्निबाणाचे खरे गुपितही कळते. त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. डोंगरकड्यासारख्या (ता. कळमनुरी, जि. हिंगोली) गावातल्या शाळेतही कार्डशीट, खळ, मोजपट्टी, कात्री आणि कोरडी वाळू सहज मिळते. फक्त किराणा दुकानातला ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा तासभर मागून आणावा.

आपण पीएसएलव्ही, म्हणजे ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपक, निवडू. त्याच्या ‘एक्सएल’ या रूपाने २२ ऑक्टोबर २००८ रोजी चांद्रयान-१ आणि ५ नोव्हेंबर २०१३ रोजी मंगळयान अवकाशात नेले. प्रमाण घेऊ १:१००. मीटरच्या जागी सेंटिमीटर लिहिले की झाले. आकडेमोड पाचवीतल्या मुलालाही जमेल.

या प्रक्षेपकाची उंची सुमारे ४४ मीटर, म्हणून नमुना ४४ सेंटिमीटर. पहिल्या टप्प्याचा व्यास २.८ मीटर आणि लांबी सुमारे २० मीटर. म्हणजे आपल्याला २.८ सेंटिमीटर व्यासाची, २० सेंटिमीटर लांब नळी हवी. कार्डशीट किती रुंद कापायचे? परीघ = ३.१४ × २.८, म्हणजे ८.८ सेंटिमीटर, चिकटवण्यासाठी अर्धा सेंटिमीटर जास्त ठेवावा. दुसरा टप्पा त्याच व्यासाचा, लांबी १२.८ सेंटिमीटर. सर्वांत वर उपग्रहाला झाकणारा टोप, व्यास ३.२ आणि लांबी ८.३ सेंटिमीटर. मधल्या जोडभागांचा आकार छायाचित्र पाहून ठरवावा. पहिल्या टप्प्याभोवती एक सेंटिमीटर व्यासाच्या, १२ सेंटिमीटर लांबीच्या सहा नळ्या येतात. त्या स्केचपेनवर गुंडाळून करता येतात. पंख मात्र लावू नयेत. १९८० च्या एसएलव्ही-३ ला पंख होते, पीएसएलव्हीला ते नाहीत.

टोके करताना भूमिती कामी येते. शंकूसाठी वर्तुळाचा जो तुकडा कापायचा, त्याचा कोन = ३६० × त्रिज्या ÷ तिरकी उंची. लहान नळीची त्रिज्या अर्धा सेंटिमीटर. तिरकी उंची २ सेंटिमीटर धरली तर कोन येतो ९० अंश, म्हणजे वर्तुळाचा बरोबर पाव भाग. मुलांना हे सूत्र पाठ करायला सांगण्याऐवजी एक शंकू उलगडून दाखवावा.

आता वजनाकडे वळू. लांबी, रुंदी आणि उंची, तिन्ही शंभरपट कमी झाली. म्हणून घनफळ १०० × १०० × १००, म्हणजे दहा लाखपट कमी झाले. खऱ्या प्रक्षेपकाचे उड्डाणाच्या वेळचे वजन सुमारे ३२० टन असते. त्याला दहा लाखांनी भागले की ३२० ग्रॅम. आपला कागदी नमुना काट्यावर ठेवा. तो याच्या जवळपासही जाणार नाही. उरलेले वजन गेले कुठे?

ते इंधनात आहे. नळ्यांची खालची तोंडे बंद करून त्यांत वाळू भरू. पहिल्या टप्प्यात १३९ टन इंधन असते. आपण १३९ ग्रॅम वाळू घालू. सहा लहान नळ्यांत मिळून ७३ ग्रॅम, दुसऱ्या टप्प्यात ४२ ग्रॅम, तिसऱ्या आणि चौथ्यात मिळून १० ग्रॅम. बेरीज २६४ ग्रॅम. शिवाय नमुना वाऱ्याने पडत नाही, हा फायदा वेगळाच.

या साऱ्या खटाटोपाने वर काय जाते? सुमारे ६०० किलोमीटर उंचीवरच्या ध्रुवीय कक्षेत जास्तीत जास्त १७५० किलोग्रॅम. आपल्या प्रमाणात पावणेदोन ग्रॅम. टोपाखाली तीन-चार शेंगदाणे ठेवा. त्यांना वर न्यायला पाव किलोपेक्षा जास्त वाळू जाळावी लागते! आणि न्यायचे किती दूर? याच प्रमाणात सहा किलोमीटर. डोंगरकड्याच्या शाळेतून नांदेडच्या दिशेने तेवढे चालत गेले की मुलांच्या पायांना ते कळेल.

इंधनाला एवढी जागा द्यायची तर बाकी सारे हलके हवे. पहिल्या टप्प्याचे कवच खास पोलादाचे आणि जेमतेम आठेक मिलिमीटर जाड असते. आपल्या प्रमाणात ०.०८ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या पानाएवढे. आपले कार्डशीटच त्याहून जाड आहे! अशी कवचे बनवणाऱ्या कारखान्यांत आपल्या इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर आहे. आणि त्यांत भरायच्या घन इंधनाच्या संशोधनात डॉ. वसंत गोवारीकर अग्रणी होते. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, तेव्हा विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक तेच होते.

शेवटी रंग. अग्निबाणावरचे काळे-पांढरे पट्टे शोभेसाठी नसतात. अग्निबाण स्वतःभोवती किती फिरतो, हे कॅमेऱ्यांना त्यावरून कळते. रंगालाही वजन असते. अमेरिकेच्या अवकाशयानाची, म्हणजे स्पेस शटलची, बाहेरची इंधनटाकी १९८१ च्या पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी रंगवली होती; पुढे रंग देणे बंद केले आणि सुमारे २७० किलोग्रॅम वाचले. म्हणून चमकी लावण्याऐवजी एका ठरावीक उड्डाणाचे छायाचित्र समोर ठेवून रंगवावे. टोपावर तिरंगा काढताना लांबी-रुंदीचे ३:२ प्रमाण पाळावे. नमुना पाहण्यासाठी आहे, उडवण्यासाठी नाही. त्यात फटाक्याची दारू कधीही भरू देऊ नये.

पुढच्या तासासाठी एक प्रश्न. चांद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ ची उंची ४३.५ मीटर, पीएसएलव्हीपेक्षा थोडी कमीच. वजन मात्र ६४० टन, म्हणजे दुप्पट. असे का? त्याच्या मधल्या भागाचा व्यास ४ मीटर आणि बाजूच्या दोन्ही नळकांड्यांचा ३.२ मीटर आहे, एवढेच मुलांना सांगावे. उत्तर त्यांनी कार्डशीट कापूनच शोधावे.