Explainer : हळदीला लाल करणारा चुना डोळ्यासाठी इतका घातक का? समजून घ्या शाळेतल्याच रसायनशास्त्रातून

धाराशिव : तुळजापुरात तुळजाभवानी मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर हळद आणि कुंकवाचे ढीग शेजारीशेजारी मांडलेले दिसतात. एक पिवळाधमक, दुसरा लालभडक. पारंपरिक कुंकवाचा लाल रंग मात्र हळदीतूनच तयार होतो. तो घडवणाऱ्या घटकांपैकी एक म्हणजे चुना. हाच चुना तंबाखूच्या पुडीसोबत खिशात आणि पानाच्या डब्यात घरोघरी असतो. अनेकदा तो लहान मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी पडलेला असतो. म्हणूनच त्याचे रसायनशास्त्र माहीत असायला हवे.

हळद लाल का होते?

शर्टवर सांडलेल्या भाजीचा पिवळा डाग साबण लावताच लालसर होतो, हे प्रत्येकाने पाहिले आहे. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लात पिवळे राहते, तर आम्लारीत लालसर तपकिरी होते. शाळेच्या भाषेत हळद हा नैसर्गिक दर्शक आहे.

पदार्थ किती आम्लधर्मी किंवा आम्लारीधर्मी आहे, हे सामू म्हणजेच पीएच सांगतो. शुद्ध पाण्याचा सामू ७, लिंबाच्या रसाचा २ ते ३, तर चुन्याच्या संपृक्त निवळीचा सुमारे १२.४ असतो. सामू एका अंकाने वाढला की आम्लारीधर्म दहापट वाढतो. म्हणजे चुन्याची निवळी पाण्यापेक्षा लाखो पटींनी अधिक आम्लारीधर्मी असते.

हळद आणि चुन्याच्या लाल मिश्रणावर लिंबू पिळले, तर ते पुन्हा पिवळे होते. मात्र, ही कुंकवातील भेसळ ओळखण्याची चाचणी नाही. काही पद्धतींत टाकणखार आणि लिंबाचा रस वापरतात. त्यातून तयार होणारा लाल रंग वेगळा असतो आणि तो आम्लातही टिकतो.

चुन्यात पाणी टाकताच वाफा का येतात?

चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तापवली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. ही उष्णता शोषून घेणारी, म्हणजे उष्माग्राही अभिक्रिया आहे. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो कळीचा चुना मिळतो.

या चुन्यावर पाणी पडले की उलट घडते. भट्टीत घेतलेल्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. ही उष्मादायी अभिक्रिया. १ किलो शुद्ध कळीचा चुना विरताना सुमारे १,१६० किलोज्यूल उष्णता निघते. ही सगळी उष्णता पाण्याला मिळाली, तर साधारण साडेतीन लिटर पाणी उकळीला येईल. खायचा चुना आधीच विरवलेला असल्याने तो असा तापत नाही. पण त्याचा आम्लारीधर्म तसाच तीव्र राहतो.

डोळ्याला धोका कशामुळे?

पुडी किंवा ट्यूब दाबताना ती फुटते आणि चुन्याची चिळकांडी थेट डोळ्यात जाते. लहान मुलांना अशा इजा झाल्याच्या नोंदी भारतातील नेत्रतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत केल्या आहेत.

आम्लामुळे पेशींतील प्रथिने गोठतात आणि त्यांचा थर आम्लाला आत शिरण्यापासून काही प्रमाणात अडवतो. आम्लारी मात्र पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थांचा अक्षरशः साबण करते आणि खोलवर शिरते. त्यातच चुन्याचे कण पापणीखाली चिकटून राहतात आणि इजा करतच राहतात. बुबुळावर कायमचा डाग पडू शकतो, दृष्टीही जाऊ शकते.

मग लिंबू पिळून चुना ‘मारता’ येईल का?

अजिबात नाही. आम्ल आणि आम्लारी एकत्र आल्यावर क्षार आणि पाणी तयार होते. याला उदासिनीकरण म्हणतात. साखर कारखान्यात हेच करतात. उसाच्या रसाचा सामू ५ ते ५.५ असतो. आम्लधर्मी रस तापवला तर साखरेचे विघटन होते, म्हणून त्यात चुन्याची निवळ मोजून मिसळतात आणि सामू ७ च्या आसपास आणतात.

कारखान्यात मोजमाप असते, डोळ्यात ते शक्य नसते. शिवाय उदासिनीकरण ही उष्मादायी अभिक्रिया आहे. म्हणजे आधीच भाजलेल्या डोळ्यात आणखी उष्णता निर्माण होईल आणि लिंबाच्या आम्लाची इजा वेगळीच.

चुना डोळ्यात गेल्यास काय करावे?

• डोळा चोळू नका. पापण्या उघड्या धरून लगेच स्वच्छ, वाहत्या पाण्याने किमान १५ ते ३० मिनिटे धुवा. नळ नसेल तर तांब्याने संथ धार सोडा.
• ओला फडका पुरेसा नाही. भरपूर पाणीच चुना सौम्य करून वाहून नेते.
• लिंबू, व्हिनेगर, तूप, दूध किंवा मध घालू नका.
• त्वचेवर कळीच्या चुन्याची कोरडी पूड पडली असेल, तर आधी ती झटका आणि मग भरपूर पाणी ओता.
• डोळा धुतल्यावर बरे वाटले तरी त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर नेत्रतज्ज्ञांकडे जा. पापणीखालचे कण त्यांनाच काढता येतात. वाहन नसेल तर १०८ वर फोन करा.

आणि आज घरी गेल्यावर एक काम करा. चुन्याची पुडी किंवा डबी मुलांच्या हाताला लागणार नाही, अशा उंच जागी ठेवा.