डोंगर उतरवून घेणारा माणूस – ९ : उजवी कड

वेनराइटच्या छपाईच्या उधारीची आणि ३५ पौंडांची गोष्ट आज सांगेन, असं मागच्या वेळी कबूल केलं होतं. ती आज होत नाही. साताऱ्याहून एका निवृत्त गुरुजींचं पोस्टकार्ड आलंय. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या डोंगरांची सात भागांची सचित्र वाटाडी पुस्तकं वेनराइटनं हातानं लिहून काढली. त्यासाठी आठ महिने खपून केलेली पहिली शंभर पानं त्यानं बाद केली, हे मी मागं एका वाक्यात उरकलं होतं. गुरुजी विचारतात, का बाद केली? तेही सांगा की.

खरं आहे. उरकलंच होतं.

पहिलं पान त्यानं ९ नोव्हेंबर १९५२ला घेतलं. दिवसा केंडलच्या नगरपालिकेत खजिनदारी, सुट्टीला बस पकडून डोंगर, आणि उरलेल्या संध्याकाळी घरच्या टेबलाशी शाई-टाक. १९५३च्या उन्हाळ्यापर्यंत शंभरेक पानं साठली. नकाशे झाले होते, चित्रं झाली होती, वाटांची वर्णनं झाली होती. खोट एकच. ओळी डावीकडे एका रेषेत सुरू होत, पण उजवीकडे जिथं शब्द संपेल तिथं संपत. कोणी आखूड, कोणी लांब. कड दातेरी. ते त्याला बघवेना. सगळी पानं बाजूला सारली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

यातली मेख कळायला जुना छापखाना आठवावा लागतो. खिळ्यांच्या छपाईत ओळ आखूड पडली, की जुळारी शब्दांच्या मध्ये शिशाचे कोरे तुकडे सरकवायचा आणि ओळ काठाला नेऊन टेकवायचा. चुकलं तर काढायचे, दुसरे घालायचे. वेनराइटच्या पानावर खिळा नव्हताच. मजकूर, नकाशा, चित्र, सगळं त्याच्या हातचं, आणि त्या पानाचा जसाच्या तसा ब्लॉक व्हायचा. म्हणजे जुळाऱ्याचं काम त्यालाच करायचं होतं, तेही आधी मनात. ओळ लिहायच्या आधीच ती कुठं संपणार हे ठाऊक हवं. नाहीतर ‘खिंड’ऐवजी ‘दोन डोंगरांमधली खिंड’ असं काहीतरी सुचायला हवं.

मी करून पाहिलं. राजगडाच्या चोर दरवाजाची वाट, बारा ओळी, पोस्टकार्डाएवढा कागद, दोन्ही बाजूंना पेन्सिलीची रेघ. पहिल्या दोन ओळी बऱ्या बसल्या. तिसरीत ‘रेलिंग’ मावेना, म्हणून ‘कठडा’ केला, तर अर्धा इंच उरला. मग केली लबाडी. शिरोरेषा ताणली. आपल्या लिपीत ही सोय आहे. अक्षरं रेघेला लटकलेली, रेघ लांबवली की शब्द ऐसपैस होतो. आपल्या पोथ्या लिहिणारेही ओळीच्या शेवटी जागा उरली, की उभे दंड मारून ती भरून काढत. रोमन अक्षरांना असा आडोसा नाही. ती सुटी उभी असतात, फट पडली की फट दिसते. माझ्याकडे वेनराइटचा तिसरा भाग आहे, त्यावर पट्टी ठेवून बघितलं. एखाद्या ओळीत शब्द किंचित दूर सरकलेत, पण ते पट्टी ठेवल्यावर कळतं. एरवी डोळा सरळ पुढं जातो.

पण हा ध्यास आला कुठून? चित्रकाराचा म्हणावा, तर चित्रकाराला चित्राची काळजी, समासाची कशाला? माझं मत वेगळं आहे. हा माणूस तेराव्या वर्षी ब्लॅकबर्नच्या नगरपालिका कचेरीत लागला आणि पुढं जन्मभर हिशेब लिहीत राहिला. हिशेबाच्या वहीत डावी बाजू कशीही असली तरी चालते. कुठं आकडा तीन अंकी, कुठं सहा अंकी. उजवीकडे मात्र एकंखाली एकं आलंच पाहिजे, नाहीतर बेरीज बोंबलते. तीस-बत्तीस वर्षं ज्याची नजर रोज उजव्या कडेवरून खाली उतरत आलीय, त्याला डोंगराच्या पानावरही तीच कड आधी दिसणार. पुस्तकाच्या कलेचं कौतुक करणारे हे बोलत नाहीत. खजिनदारी ही त्याची पोटापाण्याची नोकरी आणि डोंगर हे खरं प्रेम, असे दोन कप्पे पाडतात. मला ते पटत नाही. तेरा वर्षांचं वेळापत्रक आखून १९६६ला सातवा भाग हातावेगळा करणं, २१४ डोंगरांना एकाच साच्यातून काढणं (चढाई, माथा, उतराई, माथ्यावरून दिसणारा मुलूख), हे कारकुनाखेरीज कोणाला जमलं असतं?

ही कारकुनी शिस्त माझ्याकडच्या तिसऱ्या भागातही (१९५८) दिसते. त्यात हेल्म क्रॅगचं प्रकरण आहे. ग्रासमिअर गावावरचा ठेंगणा डोंगर, १,३०० फुटांच्या थोडासा वर. माथ्यावर तोफेसारखा तिरका उगवलेला एक खडक, आणि तोच सर्वांत उंच. डोंगर वेनराइट चढला. खडक काही चढता येईना. मग त्यानं पानावर जागा मोकळी सोडली आणि लिहून ठेवलं, की लेखक या खडकावर पोचला की ती बातमी द्यायला ही जागा राखून ठेवलीय. पुढं आवृत्त्या निघत गेल्या. १९९१ला तो गेला, तोवर ती जागा कोरीच होती. वर्णन लिहून टाकलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण पावती नसेल तर नोंद नाही.

उधारीचं पुढच्या आठवड्यात, नक्की. गुरुजींचं पोस्टकार्ड समोर आहे. जागा पुरली नाही म्हणून त्यांनी शेवटची ओळ आणि सही उजव्या समासात उभी लिहिलीय. वाचायला कार्ड आडवं धरावं लागतं.