पाटी वाचू नका, बघा!

फेस्ट जवळ आला की हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी 'डिझायनर' उगवतो. लॅपटॉप उघडायचा, तयार टेम्प्लेट डाउनलोड करायचं, निळ्याचा जांभळा करायचा आणि वर आपलं नाव चिकटवायचं. झालं पोस्टर! मग कोणीतरी म्हणतं, "अरे, मराठीत पण टाक ना काहीतरी." तेव्हा खालच्या कोपऱ्यात, हाताला लागेल त्या फॉन्टमध्ये, एक ओळ कशीबशी बसते. बरेचदा तिची वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे.

विचारलं तर उत्तर ठरलेलं, "इन्स्पिरेशनच मिळत नाही यार." माझं म्हणणं असं, की इन्स्पिरेशन डाउनलोड होत नाही, आणि आपल्यापुरतं तरी ते गेटच्या बाहेर रस्त्याभर टांगलेलं आहे.

आधी एक परदेशी उदाहरण घेऊ. फेडेक्स या कुरिअर कंपनीचा लोगो लिंडन लीडर या डिझायनरने १९९४ साली केला. त्यातलं कॅपिटल 'ई' आणि स्मॉल 'एक्स' यांच्या मधल्या रिकाम्या जागेत एक बाण दडलाय. कित्येकांना तो वर्षानुवर्षं दिसत नाही, आणि एकदा दिसला की मग दिसतच राहतो. हा बाण बाहेरून आणून चिकटवलेला नाही, तो त्या दोन अक्षरांच्या आकारात आधीपासूनच होता. लीडरने अक्षरांचे फॉन्ट मिसळून, त्यांची उंची आणि अंतर जुळवून त्याला बाहेर काढलं, एवढंच. आता गंमत बघा. हेच नाव देवनागरीत लिहा, 'फेडेक्स'. बाण गायब! म्हणजे आयडिया त्या लिपीची होती. आपल्याला हवी असेल तर आपल्या अक्षरांत शोधायला पाहिजे.

कोणी शोधली आहे का? खिशातलं नाणं काढा. रुपयाचं चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० ला मंजूर केलं. स्पर्धेत तीन हजारांच्या वर डिझाइन्स आली होती. शेवटच्या पाचांतून निवडलं गेलं ते डी. उदय कुमार यांचं. ते तेव्हा आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये पीएचडी करत होते, आणि विषय होता तमिळ अक्षरांचं टायपोग्राफीच्या अंगाने संशोधन. म्हणजे लिपीकडे तासन्‌तास बघायची सवय होतीच. त्यांनी काय केलं? देवनागरी 'र' घेतला आणि रोमन 'आर' घेतला, पण उभा दांडा काढलेला. दोन्ही एकमेकांवर ठेवले तर जवळपास एकच आकार! वर शिरोरेषा आणि तिच्याखाली आणखी एक आडवी रेघ. दोन रेघा मिळून 'बरोबर'चं चिन्ह, आणि मधल्या जागेत तिरंग्याचा भास. सगळा खेळ एका अक्षराचा. (आणि हे एका इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये झालं बरं का! "आपण काय आर्टवाले आहोत का" म्हणणाऱ्यांसाठी सांगतेय.)

मी कॉन्व्हेंटमधली. मराठी हा आमच्याकडे आठवड्यातून चार पिरियडचा विषय. त्यामुळे देवनागरी मी वाचत होते, पण कधी बघितली नव्हती. बघायला लागल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली, ती म्हणजे रोमन अक्षरं जमिनीवर उभी असतात आणि आपली दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी वरून लटकतात. दोरी म्हणजे शिरोरेषा. तिच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार. त्यामुळे दोन लिपी एकाच साइजमध्ये टाइप केल्या तर मराठी लहान दिसते, कारण वरच्या-खालच्या मंडळींना जागा देताना मधलं अक्षर आक्रसतं. शिवाय आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत. म्हणजे 'सगळं कॅपिटलमध्ये टाक, उठून दिसेल' ही युक्ती इथे बाद. उठून दिसायला दुसरं काहीतरी करावं लागतं, आणि इथूनच खरं डिझाइन सुरू होतं.

याची प्रॅक्टिकल परीक्षा अलीकडेच झाली. २०२२ साली राज्य सरकारने दुकानांचा कायदा बदलला. लहान-मोठ्या सगळ्या दुकानांवर पाटी मराठीत, देवनागरीत हवी, आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान असता कामा नयेत. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये कोर्टाने मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्यातलं राजकारण बाजूला ठेवू. डिझाइनच्या नजरेने बघितलं तर एवढ्या ब्रँड्सना एकदम एकच होमवर्क मिळालं, 'तुमचा चेहरा दुसऱ्या लिपीत काढा.' काहींनी सरळ टाइप करून टाकलं. वर झोकदार, गोलाकार इंग्रजी लोगो आणि शेजारी सरकारी नोटिशीसारखं मराठी. पण काही ठिकाणी मात्र कोणीतरी बसून अक्षर काढलंय. रोमनमधली रेघेची जाडी, टोकांचा गोलवा, तिरकेपणा हे सगळं मराठीत उतरलंय आणि तरी अक्षर मराठीच राहिलंय. रोमनचे तुकडे जोडून केलेलं देवनागरी नाही ते. हा फरक एकदा कळला की बसच्या खिडकीत मोबाइलची गरज पडत नाही.

हे काम नवीन नाही हं. कमल शेडगे यांचं नाव आपल्या आई-बाबांना विचारा. पेपरातल्या मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कितीतरी नावं त्यांच्या हातची. नाटक विनोदी की गंभीर, ते अक्षराच्या वळणावरून कळायचं. २०२० साली ते गेले. आणि विंडोजमध्ये मराठी म्हटलं की ज्या 'मंगल' फॉन्टची आठवण येते, तो केला र. कृ. जोशी यांनी. तेही आयआयटीच्या त्याच सेंटरमध्ये शिकवायचे. आजचं म्हणाल तर मुंबईतला 'एक टाइप' हा ग्रुप. त्यांचा 'मोदक' फॉन्ट बघाच. अक्षरं इतकी गुबगुबीत की आतली पोकळी फक्त चिरेएवढी उरते, आणि तरीही वाचता येतात! त्यांचाच 'अनेक', २०२२ चा, नऊ भारतीय लिप्या आणि रोमन मिळून. जाडी आणि रुंदी हवी तशी कमी-जास्त करता येते. दोन्ही फुकट आहेत. पायरेटेड फॉन्ट कशाला?

आता तुटलेल्या वेलांटीबद्दल, कारण तो प्रॉब्लेम आपल्याच प्रांतातला आहे. युनिकोडमध्ये 'कि' साठवताना आधी 'क' आणि मग ऱ्हस्व वेलांटी असते, पण कागदावर वेलांटी आधी येते. ही अदलाबदल, आणि जोडाक्षरं जुळवणं, सॉफ्टवेअरला करावं लागतं. काही डिझाइन सॉफ्टवेअर्समध्ये भारतीय लिपींसाठी टेक्स्टचं सेटिंग बदलल्याशिवाय ते होत नाही, म्हणून पोस्टरवर चिंध्या. इंकस्केप हे फुकट सॉफ्टवेअर ते आपोआप करतं. आणखी एक, फॉन्टमध्ये सोय असेल तर टेक्स्टची भाषा 'मराठी' निवडा. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' मिळतात, हिंदी वळणाचे नाही. छापायला देण्याआधी 'वाऱ्यावर' हा शब्द टाइप करून बघा. तो नीट आला तर बाकी सहसा येतं.

इन्स्पिरेशनसाठी कुठे लांब जायला नको. आमच्या मेसचे काका फळ्यावर रोज खडूने मेनू लिहितात. त्यांचा 'उसळ'मधला 'ळ' बघा, दोन गोल, एकाच हिसक्यात, खडू न उचलता. वाङ्मय मंडळाच्या पोस्टरसाठी सध्या त्याच 'ळ'वर काम चाललंय. तेराव्या स्केचपर्यंत आलोय, शिरोरेषा अजून जमत नाहीये.