पाटीचे भाडे आणि शहराची तिजोरी

गुजरातीत ‘पाटिया’ म्हणजे फळा किंवा पाटी. गावाकडे वळणाऱ्या फाट्यावर नावाची पाटी असे आणि कालांतराने त्या ठिकाणालाच पाटिया म्हटले जाई. सुरतेच्या पूर्वेकडील पर्वत पाटियाचे नाव याच धाटणीचे. कापडबाजारांच्या वर्दळीतील या परिसरात आता पाटीला वेगळे मोल आले आहे. चौकातील बेट, बसथांबा किंवा पुलाखालची जागा कंपनीला प्रायोजनासाठी दिल्यास महापालिकेला नेमके काय मिळते, हा प्रश्न म्हणूनच तपासण्याजोगा ठरतो.

या प्रश्नाचे मूळ करांच्या बदललेल्या रचनेत आहे. गुजरातमधील महापालिकांची जकात २००७ मध्ये रद्द झाली आणि उत्पन्नाचा हक्काचा स्रोत जाऊन राज्याच्या अनुदानावरील भिस्त वाढली. पुढे १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील जाहिरातकराची नोंद वगळली आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. त्यामुळे जाहिरातींपासूनचे उत्पन्न करापेक्षा परवाना शुल्क व जागेचे भाडे यांवर अवलंबून राहिले.

प्रायोजनाचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्यात कंपनी बेट किंवा उद्यान स्वखर्चाने राखते व तेथे आपली पाटी लावते. यात पालिकेचा खर्च वाचतो, मात्र तिजोरीत रक्कम येत नाही. दुसऱ्यात जाहिरातीची जागा निविदेने ठरावीक मुदतीसाठी दिली जाते. तिसरा प्रकार नामाधिकाराचा. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका भुयारी स्थानकाला बार्कलेज हे नाव जोडण्यासाठी वर्षाला २ लाख डॉलर, असा २० वर्षांचा करार २००९ मध्ये झाला. बंगळुरूत इन्फोसिस फाउंडेशनने कोनप्पन अग्रहार स्थानकासाठी सुमारे २०० कोटी रुपये देऊ केले. मुंबईच्या भुयारी मेट्रोत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या स्थानकाआधी कोटक हे नाव लागले.

कायद्याने दान आणि जाहिरात यांत रेषा आखली आहे. सामाजिक दायित्व निधीच्या २०२१ मधील सुधारित नियमांनुसार, विपणनाचा लाभ मिळवण्यासाठी केलेले प्रायोजन त्या निधीत धरता येत नाही. वस्तू व सेवा कराबाबतच्या २०१९ च्या परिपत्रकानेही केवळ कृतज्ञतेची नामपाटी करमुक्त मानली. त्या पाटीतून व्यवसायाची प्रसिद्धी होत असेल, तर ती सेवा ठरते व कर लागतो. त्यामुळे ‘दत्तक’ हा शब्द वापरला, म्हणून व्यवहाराचे स्वरूप पालटत नाही.

मालमत्ता कोणाची, हेही पाहावे लागते. भेसाण ते सारोली ही सुरत मेट्रोची दुसरी मार्गिका याच भागातून जाते. मात्र स्थानकांची नावे उद्या विकली गेली, तर पैसा गुजरात मेट्रो रेल कॉर्पोरेशनकडे जाईल. त्या कंपनीत केंद्र व राज्य यांची निम्मी-निम्मी भागीदारी आहे. शहराच्या नकाशावर नाव कंपनीचे लागेल, पण महापालिकेच्या तिजोरीत भर पडेलच असे नाही.

प्रायोजकाला हवी असते नजर. वर्दळीच्या चौकातील बेटाला तो सहज मिळतो. पर्वत पाटियाजवळून वाहणाऱ्या मिठी खाडीतील गाळ काढण्यासाठी मात्र कोणी पुढे येत नाही, कारण तेथे पाटी वाचणार कोण? पावसाळ्यात पाणी घरात शिरते ते याच खाडीचे. म्हणूनच प्रायोजन हा पूरक स्रोत ठरू शकतो, मुख्य नव्हे. याच सुरतेने २०१४ पासून पांडेसरा येथे दररोज ४ कोटी लिटर क्षमतेच्या प्रकल्पातून प्रक्रिया केलेले सांडपाणी उद्योगांना विकण्यास प्रारंभ केला. गरजेची वस्तू विकून मिळणारे हे उत्पन्न जाहिरातबाजाराच्या चढउतारांवर विसंबत नाही.

करार करताना खुली निविदा, अल्प मुदत, पाटीच्या आकाराची मर्यादा आणि मिळालेल्या रकमेचा जाहीर हिशेब या चार गोष्टी सोडता येणार नाहीत. आकाराकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे मे २०२४ मध्ये घाटकोपरला फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला तेव्हा दिसले. पणजी, मडगावसारख्या लहान शहरांत चौक मोजकेच आहेत. तेथे एकदा दीर्घ मुदतीने दिलेली जागा पुढील अनेक मंडळांना परत मिळणार नाही. भाडे ठरवण्यापूर्वी मुदत ठरवणे म्हणूनच अधिक महत्त्वाचे.