भूविज्ञान कुणाला झेपतं?

गैरसमज : डोंगरदऱ्या नि खाणी हे मुलींचं काम नव्हे.
वस्तुस्थिती : मुली मागे राहिल्या त्यात कायद्याचाही हात होता. १९५२ च्या खाण कायद्याच्या कलम ४६ ने स्त्रियांना भूमिगत कामाची बंदी केली. जमिनीवरच्या कामालाही सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढीच मुभा होती. तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी भूमिगत खाणीचं दार उघडलं ते २०१९ मध्ये. ही बंदी सुरक्षेसाठी होती, असं म्हटलं जातं. पण छत कोसळताना खाली पुरुष आहे की स्त्री, हे दगड पाहत नाही. सुरक्षा हवी ती सगळ्यांनाच. आणि कुवतीचं म्हणाल, तर भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपुरात जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत १९८३ च्या मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेल्या होत्या.

गैरसमज : खेड्यापाड्यांतल्या, आदिवासी मुलांना हा विषय जड जातो.
वस्तुस्थिती : महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसॉल्टचा आहे. विहीर खणताना आधी मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण लागतो आणि पाणी बहुधा झिजलेल्या थरात किंवा फटींत सापडतं, हे गावातल्या पोराने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. निरीक्षण म्हणजे विज्ञान नव्हे, हा आक्षेप रास्तच. मोजमाप, नकाशा, रसायन, गणित शिकावंच लागतं. पण ते वर्गात शिकवता येतं. जमीन वाचायची सवय मात्र वर्गात सहज लागत नाही.

गैरसमज : शिकून नोकरी कुठे आहे?
वस्तुस्थिती : केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळात भरती होते, राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. जागा मोजक्याच असतात, हे खरं. त्यासाठी पदव्युत्तर पदवीपर्यंत शिकावं लागतं आणि क्षेत्रभेटींचा खर्च मजुरीवर जगणाऱ्या घराला पेलत नाही. म्हणून नुसत्या प्रोत्साहनपर भाषणांनी भागणार नाही. दहावी-बारावीतच माहिती, क्षेत्रभेटीला शिष्यवृत्ती आणि मुलींसाठी मुक्कामाची नीट सोय हवी. हा कुणावर उपकार नाही. २०१४ मध्ये माळीण आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी दरडीखाली गेली; दोन्ही आदिवासी वस्त्या. धोका ज्यांच्या उशाशी आहे, त्यांची मुलं दरडींचे नकाशे करणाऱ्यांत असतील, तर कोणता उतार आधी तपासायचा हे ठरवताना अशा वाड्या नजरेआड राहणार नाहीत.