नजर गेली म्हणून मोबाइल काढून घेऊ नका

मधुमेहाने किंवा काचबिंदूने एखाद्याची नजर गेली, की घरात पहिल्यांदा काढून घेतला जातो तो स्मार्टफोन. ‘आता दिसतच नाही, तर तो काय कामाचा?’ असे म्हणून हातात बटणांचा साधा फोन दिला जातो. मग भोकरदन असो की घनसावंगी, कालपर्यंत बाजारभाव आणि गावच्या राजकारणावर बोलणारा माणूस ओसरीवर गप्प बसून राहतो. डोळ्यांच्या आजाराइतकेच हे एकटेपण घातक असते. त्यातून झोप बिघडते, जेवणावरची वासना उडते आणि औषधे वेळेवर घेण्याची इच्छाही कमी होते.

नजर कमी होऊ लागली, तर आधी डोळ्यांची तपासणी करून घ्यावी. मोतीबिंदूमुळे गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुतेक वेळा परत मिळते. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही; थेंबांनी किंवा शस्त्रक्रियेने उरलेली जपता येते. मधुमेहात पडद्याला इजा होते, तेव्हाही लेझर आणि इंजेक्शनचा मुख्य उपयोग पुढचे नुकसान थांबवण्यासाठीच असतो. उपचारांची मर्यादा जिथे येते, तिथून पुनर्वसनाचे काम सुरू होते.

पुनर्वसन म्हटले की ब्रेल लिपी आठवते. पण पन्नाशी-साठीत ती शिकणे अवघड जाते. त्यातही जुन्या मधुमेहात बोटांच्या टोकांची संवेदना कमी झालेली असेल, तर ब्रेलचे उंचवटे नीट कळतच नाहीत. ही अडचण नवी नाही. पहिल्या महायुद्धात मोठेपणी अंध झालेल्या अनेक सैनिकांनाही ब्रेल जमत नव्हती. अशांचा विचार करून ब्रिटनमध्ये 1935 साली ग्रामोफोनच्या तबकड्यांवर ‘बोलकी पुस्तके’ सुरू झाली. आज तेच काम खिशातला मोबाइल करू शकतो.

पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवरचा, हवा तेव्हा ऐकता येणारा रेडिओसारखा कार्यक्रम. ज्याला पडदा दिसत नाही, त्याला तो लावता येतो स्क्रीन रीडरमुळे. पडद्यावर जे लिहिलेले असते ते मोठ्याने वाचून दाखवणारी ही सोय. अँड्रॉइड फोनमध्ये तिचे नाव ‘टॉकबॅक’, आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’. बहुतेक फोनमध्ये ती आधीपासूनच असते. वेगळे पैसे पडत नाहीत.

सुरुवात कशी करावी?

पहिल्या दिवशी घरातल्या डोळस माणसाने सेटिंग्जमधील ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’मध्ये जाऊन टॉकबॅक चालू करावे. ‘टेक्स्ट-टू-स्पीच’मध्ये मराठी आवाज निवडावा आणि बोलण्याचा वेग कमी ठेवावा. टॉकबॅक चालू झाले की फोन वेगळा वागतो. एका बोटाने उजवीकडे सरकवले, की पुढच्या बटणाचे नाव ऐकू येते. ते उघडायचे असेल तर दोनदा टिचकी मारायची. वर-खाली जायला दोन बोटे वापरायची. सुरुवातीला एवढे पुरते.

त्यानंतर पॉडकास्टचे एकच अ‍ॅप घ्यावे. ‘अँटेनापॉड’ मोफत आहे आणि त्यात जाहिराती नाहीत, ‘स्पॉटिफाय’ही चालते. यूट्यूबवर मराठी गप्पांचे कार्यक्रम भरपूर आहेत, पण मोफत वापरात फोन लॉक केला की आवाज बंद होतो. बीबीसी मराठीचे ‘गोष्ट दुनियेची’ किंवा ‘अमुक तमुक’च्या गप्पा यांसारखा एखादा कार्यक्रम निवडून तो ‘सबस्क्राइब’ करून ठेवावा. रेंज चांगली असेल तिथे भाग डाउनलोड करून घेतले, तर शेतातही ऐकता येतात.

नवख्याला खरा गोंधळ होतो तो दोन आवाजांचा. कार्यक्रमातला माणूस बोलत असतो आणि मध्येच टॉकबॅक बटणांची नावे सांगू लागतो. अशा वेळी दोन बोटांनी दोनदा टिचकी मारावी. नव्या फोनमध्ये कार्यक्रम तिथेच थांबतो आणि पुन्हा तसेच केले की सुरू होतो. आयफोनमध्येही हीच खूण चालते. ही एक गोष्ट हाताला बसली, की निम्मी भीती जाते. रात्री ऐकताना झोप लागत असेल, तर ‘स्लीप टायमर’ लावावा.

कान जपा

ज्याची नजर गेली आहे, त्याच्यासाठी कान ही वाटाड्याची जागा घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी 80 डेसिबल आवाजात आठवड्याला 40 तासांपेक्षा जास्त ऐकू नये. सोपा नियम म्हणजे फोनचा आवाज 60 टक्क्यांच्या वर नेऊ नये. घरात शक्यतो स्पीकरवरच ऐकावे. रस्त्यावर दोन्ही कानांत इअरफोन घालणे तर पूर्ण टाळावे, कारण मागून येणारा ट्रॅक्टर केवळ आवाजावरूनच कळणार असतो. कमी ऐकू येत असेल, तर आवाज वाढवत नेण्याऐवजी कान तपासून घ्यावेत.

आणखी एक इशारा. ‘मधुमेह कायमचा बरा करा’ अशा थाटाचे कार्यक्रमही भरपूर आहेत. ते ऐकून इन्सुलिन किंवा काचबिंदूचे थेंब बंद करू नयेत. उरलेली थोडीशी नजर त्यावरच अवलंबून असते.

हे शिकण्याची सर्वांत योग्य वेळ म्हणजे थोडे दिसत असतानाची. तेव्हा बोटांना सवय लागते आणि पुढे अंधार वाढला तरी फोन अनोळखी वाटत नाही. घरच्यांनी प्रत्येक वेळी कार्यक्रम लावून देऊ नये. आठवडाभर रोज पंधरा मिनिटे शेजारी बसावे, चुकू द्यावे, पण फोन त्यांच्याच हातात ठेवावा. काय ऐकायचे आणि केव्हा थांबवायचे हे दिवसातून एकदा जरी स्वतः ठरवता आले, तरी परावलंबी झाल्याची बोच कमी होते. संध्याकाळी ओसरीवर सांगायला त्या माणसाकडे काहीतरी नवे असते.