असमान बळाच्या खेळाडूंचा डाव

बुद्धिबळाच्या खुल्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत कसलेल्या खेळाडूसमोर नवशिका बसलेला पुष्कळदा दिसतो. हा अन्याय नव्हे. स्विस पद्धतीचा तो स्वाभाविक परिणाम होय. या पद्धतीत खेळाडूंची यादी बळानुसार लावून तिचे दोन भाग करतात व वरच्या भागातील पहिल्याची गाठ खालच्या भागातील पहिल्याशी घालतात. पुढे शक्यतो समान गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात. हरलेला मात्र बाद होत नाही. तो अखेरच्या फेरीपर्यंत खेळतो.

खेळाडूचे बळ अंकांत सांगण्याची प्रचलित रीत अमेरिकेतील प्राध्यापक आर्पाद एलो यांनी बसविली. जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती १९७० साली स्वीकारली. विजयास एक व बरोबरीस अर्धा गुण धरल्यास, गुणांकनात २०० चा फरक असता वरचढ खेळाडूने १०० डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, अशी अपेक्षा असते. ४०० चा फरक असता सुमारे ९१. म्हणजे दुर्बळ पक्षासही काही वाटा उरतोच. बदलाचा गुणक २० धरला, तर ४०० ने पुढे असलेल्याचे गुणांकन एका विजयाने जेमतेम २ ने वाढते. मागे असलेला जिंकल्यास त्याचे सुमारे १८ ने वाढते.

नागपूरच्या दिव्या देशमुख हिचे उदाहरण बोधप्रद आहे. २०२५ साली बाटुमी येथील महिला विश्वचषकात तिला पंधरावे मानांकन होते. तिने द्वितीय मानांकित झू जिनर हिला हरविले आणि अंतिम सामन्यात अनुभवी कोनेरू हंपी हिच्यावर जलद डावांत मात केली. हंपी २००२ साली ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता. या विजयाने दिव्याही ग्रँडमास्टर झाली.

गुणांकन हा गतकाळाचा हिशेब आहे, भविष्याचा निवाडा नव्हे. तळोदा तालुक्यातील अनेक मुलांची घरची बोली भिली किंवा पावरी असते. प्रमाण मराठीतील पहिल्या चाचणीत त्यांना कमी गुण मिळाले, तर त्यांवरून बुद्धीचे माप काढणे चुकीचे ठरेल. वर्गात पट मांडताना शिक्षकांनी एक-दोन डाव असमान जोड्यांचे व बाकीचे तुल्यबळ जोड्यांचे ठेवावेत. प्रत्येक डावानंतर दोघांनी मिळून खेळी पुन्हा मांडून पाहाव्यात. हरलेल्या मुलाला आपली चूक नेमकी कोठे झाली हे उमगले, तर तो पराभवही अभ्यासाच्या उपयोगी पडतो.